खांदेकरी

"मॅम, मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा आहे," फोनवर व्हॅनचा ड्रायव्हर कर्टिस म्हणाला, "पण पुढं गल्लीच दिसत नाहीये."

अहिल्यानं पडदा सारला. काचेला आतून वाफ धरली होती आणि बाहेरून बर्फाचा पापुद्रा. तिनं तळहातानं काच पुसली. गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यावरच्या घरापुढं जो जुना ओक होता, तो रस्त्यावर आडवा पडला होता, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. परवा रात्रभर पडलेला पाऊस जिथं टेकला तिथंच गोठला होता. फांद्या, तारा, टपालपेट्या, सगळ्यांवर काचेसारखा जाड थर. त्या ओझ्यानं सबंध ॲन आर्बर गावात झाडं मोडून पडत होती. कालपासून वीज नव्हती. पहाटे मोठा आवाज झाला तेव्हा कुणाची तरी गाडी धडकली असेल, असं तिला वाटलं होतं.

"त्यांना इथपर्यंत चालवत आणता येईल का?" कर्टिसनं विचारलं.

"नाही. आज ते दारापर्यंतसुद्धा चालू शकत नाहीत."

मग तो म्हणाला, "व्हॅन सोडून आत यायची मला परवानगी नाही, मॅम. पण लगेच निघत नाही मी. जमेल तेवढं थांबतो."

तिनं फोन ठेवला. खुर्चीतून तिच्या नवऱ्यानं, विनयनं, नुसत्या भुवया उंचावून विचारलं, काय?

"झाड पडलंय. व्हॅन आत येत नाही."

"मग राहू दे. उद्या... जाऊ."

एवढंसं वाक्य, पण तेही त्याला एका दमात म्हणता आलं नाही. दोन रात्री तो आडवा झाला नव्हता. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. म्हणून खुर्चीतच, दोन ब्लँकेटं आणि कानटोपी घालून तो बसून होता. पाय सुजून मोजे चढत नव्हते. मंगळवारी डायलिसिस झालं होतं. गुरुवारचं बुडालं, कारण सेंटरमध्येच वीज नव्हती. आज गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सेंटरनं त्याला दुपारची वेळ दिली होती. "आज काहीही करून या," त्याच्या नेहमीच्या नर्सनं सकाळी फोनवर सांगितलं होतं. "आजचं चुकलं तर मला काळजी वाटेल." दोन वर्षांत ती नर्स असं कधी बोलली नव्हती.

अहिल्यानं इमर्जन्सीचा नंबर फिरवला. तिकडच्या बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. पेशंट बोलतोय का? शुद्धीवर आहे का? ओठ निळे पडलेत का? मग ती म्हणाली, माणसं पाठवते, पण गावभर रस्ते बंद आहेत, किती वेळ लागेल सांगता येत नाही. त्रास वाढला तर पुन्हा फोन करा.

म्हणजे त्रास वाढेपर्यंत वाट बघायची.

"शेजारी कुणाला तरी बोलावते," ती म्हणाली.

"कुणालाही नाही," विनय म्हणाला.

हे त्याचं नेहमीचं. एके काळी याच घरात दर शनिवारी पानं उठायची. मिरजेहून आलेला, कनेक्टिकटहून आलेला, कुणाच्या तरी ओळखीचा कुणीतरी, सगळ्यांना विनय आग्रहानं बसवून घ्यायचा. डेट्रॉइटजवळ मोटारींच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत त्यानं सारं आयुष्य काढलं, आणि कुणीही नवी गाडी घेतली की आधी जाऊन तिच्या सीटवर बसून बघायचा. पण किडन्या गेल्या आणि त्यानं दार लावून घेतलं. "लोक आधी चौकशी करतात, मग कीव करतात, मग टाळतात," तो म्हणायचा. "त्यापेक्षा पहिल्यापासूनच नको." मुलगा, अंकुर, सिॲटलला. त्यालाही तो "ठीक आहे रे" याच्यापुढं काही सांगायचा नाही. आठवड्यातून तीनदा पांढरी व्हॅन यायची आणि त्याला घेऊन जायची. गल्लीत कुणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. कधी लहर लागली तर म्हणायचा, "इथं आपण मेलो तर चार खांदे मिळणं कठीण आहे बरं का. नशीब, या देशात गाडीतून नेतात."

अहिल्या त्यावर काही बोलायची नाही. ती मुळातच कमी बोलणारी. गावातल्या लायब्ररीत मुलांच्या विभागात परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची तिची नोकरी, आणि तिथंही ती मुलांनी विचारलं तरच बोलायची. कुणाला त्रास द्यायचा नाही, एवढं एकच तत्त्व तिनं आयुष्यभर सांभाळलं होतं. ते सांभाळायला कधी कठीणही गेलं नव्हतं.

आता तिनं विनयकडं पाहिलं. त्याच्या ओठांकडं पाहिलं. मग बूट घातले, घसरू नये म्हणून त्यांच्यावरून त्याचे जुने लोकरी मोजे चढवले आणि दार उघडलं.

"कुठं निघालीस?"

ती बाहेर पडली.

शेजारचं पिवळं घर विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेलं होतं. तिथं राहणारे दोघं मराठी आहेत, हे तिला माहीत होतं. भांडी कोण घासणार यावरची त्यांची भांडणं उन्हाळ्यात खिडकीतून ऐकू यायची. "एकदा जेवायला या," असं ती त्यांना दिवाळीत म्हणालीही होती. पण कधी, ते सांगितलं नव्हतं.

कुंपणाला धरत धरत ती दारापर्यंत पोचली. दार उघडलं ते संग्रामनं, अंगाला रजई गुंडाळून. पुण्याचा होता, विद्यापीठात बॅटऱ्यांवर कसलंसं संशोधन करायचा.

"काकू? अरे, या ना आत. तुमच्याकडंपण पॉवर नाहीये ना? आमच्याकडं गॅसवर चहा होतोय, चालेल?"

तिला वाटलं, चहा चालेल म्हणावं. बसावं, आणि मग हळूच विषय काढावा.

"माझ्या मिस्टरांना डायलिसिसला न्यायचंय," ती म्हणाली.

घराबाहेर, सेंटर सोडून, हा शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत होती. तिनं झाडाच्या दिशेनं हात दाखवला.

संग्रामच्या मागून एक मुलगी पुढं आली. ही ज्ञानदा, नागपूरची. "काकू, कधीपर्यंत पोचायचंय?"

"दुपारपर्यंत. व्हॅन झाडापलीकडं उभी आहे. पण ड्रायव्हर किती थांबेल..."

"संग्राम, समोरच्या वॉल्टरकडं चेनसॉ आहे. जॅकेट घाल."

"यार, त्याचं वय बघ."

"सॉ मागतेय मी, त्याला नाही मागत."

पण वॉल्टरनं सॉ एकटीला कुठं पाठवायची नाही, असं ठरवलेलं असावं. तो स्वतःच आला. निवृत्त बसड्रायव्हर, लाल टोपी, गुडघे बाहेर वळलेले. गेल्या वर्षी त्याची बायको गेली तेव्हा अहिल्यानं त्याच्या टपालपेटीत कार्ड टाकलं होतं. बेल वाजवली नव्हती.

"ती पांढरी व्हॅन," वॉल्टर तिला म्हणाला, "मला वाटायचं ती तुझ्या नवऱ्याला पत्ते खेळायला नेते. मी म्हणायचो, नशीबवान माणूस."

तो झाडापाशी गेला, दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. तारा घरांच्या मागच्या बाजूनं होत्या, झाडात एकही अडकलेली नव्हती. त्यानं दोरी ओढली. दोनदा खोकून सॉ सुरू झाली.

तोवर ज्ञानदा दारोदार फिरत होती. अहिल्याला खिडक्यांमधून चेहरे दिसत होते, मग दारं उघडत होती. वीज नाही, इंटरनेट नाही, शाळा बंद, ऑफिसं बंद. सगळे घरात होते आणि कुणालाच काही काम नव्हतं. निळ्या दाराच्या घरातली डेनीस आली, तिच्यामागून तिची दोन मोठी मुलं. कुणी हातकरवत आणली, कुणी बर्फ वितळवायला मिठाची पिशवी. पलीकडच्या रस्त्यावरून करड्या जॅकेटातला एक माणूस आवाज ऐकून आला, खोडावर चढून अलीकडं उतरला आणि काही न विचारता फांद्या ओढायला लागला.

फांदी तुटली की तिच्यावरचा बर्फ खळ्ळकन फुटायचा. तुकडे रस्त्यावर पसरायचे आणि त्यांच्यावरून माणसं घसरायची, हसायची, उठायची. अहिल्याही फांद्या ओढत होती. मध्येच ती घराकडं धावायची, म्हणजे धावल्यासारखं करायची, दारातून विनयला बघायची आणि परत यायची.

"काय चाललंय... बाहेर?" एकदा त्यानं विचारलं.

"झाड तोडतायत."

"कोण?"

"सगळे," ती म्हणाली.

फांद्यांमधून वाट मोकळी झाली, पण खोड राहिलं. कमरेएवढं जाड. वॉल्टरनं पातं त्यात घातलं, अर्ध्यापर्यंत नेलं, आणि खोड किंचित बसलं. पातं चिमटीत धरल्यासारखं अडकलं. सॉ बंद पडली. संग्रामनं ओढून बघितलं, करड्या जॅकेटवाल्यानं ओढून बघितलं. हलेना.

वॉल्टर खोडावरच बसला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "माझं झालं," तो म्हणाला. "सॉरी."

खोडापलीकडं व्हॅनच्या काचेतून कर्टिसचा चेहरा दिसत होता. त्यानं काच खाली केली. "मॅम, ऑफिसमधून फोन आला. मला आता फार थांबता येणार नाही."

अहिल्याला वाटलं, आता एकेक जण निघून जाईल. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी पुष्कळ केलं होतं.

"खोड कापायचंच कशाला?" संग्राम इंग्रजीत सगळ्यांना म्हणाला. "खुर्चीत बसवून वरून नेऊ की त्यांना."

"या बर्फावरून?" ज्ञानदा म्हणाली. "एक जण घसरला तर?"

"मीठ पुरणार नाही," वॉल्टर म्हणाला.

डेनीस आपल्या दारापुढं बघत होती. तिथं एक पायपुसणं होतं, आणि इतक्या वेळात ती तेवढ्या एकाच जागी न घसरता उभी राहिली होती. "माझ्याकडं गालिचा आहे," ती म्हणाली.

त्यानंतर जे झालं ते अहिल्याला पुढं अनेक दिवस आठवून आठवून हसू आणत राहिलं. प्रत्येक घरातून गालिचे निघाले. डेनीसचा दिवाणखान्यातला जांभळा, वॉल्टरच्या बायकोनं विणलेली लांबट चटई, विद्यार्थ्यांच्या बाथरूममधली हिरवी पायपुसणी, गाडीतल्या रबरी मॅट्स. अहिल्यानं माळ्यावरची सोलापुरी सतरंजी काढली. तरी अर्ध्या रस्त्यालाच पुरलं.

"पुढं गेलो की मागचे उचलायचे आणि पुढं टाकायचे," वॉल्टर म्हणाला. बस चालवणारा माणूस, रस्ता कसा पार करायचा ते त्यालाच आधी सुचलं.

विनयच्या दिवाणखान्यात इतकी माणसं पुष्कळ दिवसांत आली नव्हती. त्यांना बघताच त्यानं डावा हात ब्लँकेटखाली लपवला. त्या हातावर सुयांच्या जागी फुगून आलेली शीर होती, दोरखंडासारखी. ती तो कुणाला दाखवत नसे.

"अहिल्या, हे काय आहे?"

"तुम्हाला न्यायला आलेत."

"उचलून? मी काय... मेलोय?"

संग्राम दारातच थबकला. ज्ञानदा मात्र पुढं आली आणि विनयच्या खुर्चीजवळ उकिडवी बसली.

"काका, मी दोन वर्षं तुमच्या शेजारी राहते. मला तुमचं नाव आज कळलं. आज कळलं आणि लगेच तुम्ही मरणाचं बोलणार, हे काही बरोबर नाही."

विनयनं तिच्याकडं पाहिलं. मग त्याची नजर संग्रामनं उचललेल्या डायनिंगच्या खुर्चीवर गेली.

"ती नको."

"काय, काका?"

"ती खुर्ची नको. मागचा पाय ढिला आहे तिचा. वरच्या खोलीत... हातवाली आहे, ती आण. आणि नुसतं बसवू नका. मांडीवरून एक पट्टा, छातीवरून एक."

पट्टा कुठून आणायचा? अहिल्याला भारतात जायच्या बॅगांचे पट्टे आठवले, लाल-पिवळे, अजून नावपत्त्याची चिठ्ठी लावलेले. विनयनं ते स्वतःच्या हातानं बांधून घेतले, गाठ कुठं यावी ते सांगितलं, ओढून बघितलं. "उंच माणसं मागं," तो म्हणाला. "पायऱ्या उतरताना मला... मागं झुकवा, पुढं नाही." चाळीस वर्षं माणसांना सीटवर घट्ट बसवण्याचंच काम केलेला माणूस. त्याचा आवाज त्या क्षणी तिला ओळखीचा वाटला. पुष्कळ दिवसांनी.

पुढं डेनीस आणि वॉल्टर, मागं संग्राम आणि करड्या जॅकेटवाला. वॉल्टरला नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण तो ऐकेना. चौघांनी खुर्ची उचलली.

अहिल्या पुढं गालिचे पसरत होती. ज्ञानदा आणि डेनीसची मुलं मागचे उचलून पुढं आणून देत होती. जांभळा, मग हिरवा, मग सतरंजी, पुन्हा जांभळा. तिनं मान वर करून बघितलं नाही. फक्त पावलं दिसत होती, एका वेळी एक, आणि खुर्चीचे पाय जमिनीपासून वीतभर वर. विनयचा श्वास ऐकू येत होता.

खोडापाशी सगळे थांबले. पलीकडं व्हॅनचं दार उघडल्याचा आवाज झाला आणि कर्टिस खाली उतरून आला. "परवानगी नंतर मागतो," तो म्हणाला आणि हात पुढं केले. ज्ञानदा खोड ओलांडून त्याच्या शेजारी उभी राहिली.

"वर," वॉल्टर म्हणाला. खुर्ची वर गेली. पुढचे पाय खोडावर टेकले, कर्टिसनं धरले. वॉल्टर बाजूला व्हायला गेला आणि त्याचा पाय सटकला. खुर्ची डावीकडं कलंडली. करड्या जॅकेटवाला एका पावलात पुढं आला आणि तो सगळा कोपरा त्यानं छातीवर झेलला. खुर्चीचा हात त्याच्या हनुवटीवर आदळला. तो तसाच उभा राहिला, गुडघे वाकवून, हलला नाही, तोवर संग्रामनं मागून रेटा दिला आणि खुर्ची सरकत पलीकडं गेली. कर्टिसच्या हातांत, ज्ञानदाच्या हातांत, जमिनीवर.

मग हातमोजे घातलेल्या हातांच्या टाळ्या वाजल्या, दबक्या, उशीवर थापट्या मारल्यासारख्या.

अहिल्या खोडावरून उतरून त्याच्याजवळ पोचली. विनयचे डोळे मिटलेले होते. मग त्यानं एक डोळा उघडला.

"अगं," तो म्हणाला, "मिळाले की गं चार खांदे."

"गप्प बसा हो तुम्ही," ती म्हणाली, आणि तिथंच, सगळ्या गल्लीसमोर, रडायला लागली.

सेंटरमध्ये वीज होती, ऊब होती. डाव्या हाताला दोन सुया लागल्या आणि मशीन फिरायला लागलं. तिथल्या नर्सनं आकडे बघून ओठ घट्ट मिटले, मग डॉक्टरांना फोन केला, मग परत येऊन सांगितलं, वेळेवर आणलंत. एवढंच. हळूहळू मशीननं त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतलं. बोलता बोलता तो दम घ्यायला थांबेनासा झाला. मग त्यानं खुर्ची मागं करायला सांगितली. आणखी मागं. दोन रात्रींनंतर विनय आडवा झाला.

अहिल्या शेजारच्या स्टुलावर बसली होती. बाहेर वेटिंगमध्ये ज्ञानदा बसल्या बसल्या झोपली होती. ती न विचारताच व्हॅनमध्ये चढली होती.

"अहिल्या," विनय डोळे मिटूनच म्हणाला, "संग्राम. वॉल्टर. ती निळ्या दाराची... काय नाव तिचं?"

"डेनीस."

"डेनीस. आणि चौथा?"

"विचारून येते," ती म्हणाली.

ज्ञानदा दचकून उठली. "झालं का, काकू? ठीक आहेत ना?"

"झोपतायत आता. अगं, तो करड्या जॅकेटवाला कोण होता?"

ज्ञानदानं आठवून बघितलं. "माहीत नाही, काकू. पलीकडच्या रस्त्यावरून आला होता ना. मला वाटलं, तुमच्या ओळखीचा असेल. काकांना व्हॅनमध्ये चढवलं आणि मी वळून बघितलं तर नव्हताच." मग तिनं शेजारच्या खुर्चीवरची वस्तू उचलली. "हा त्याचाच असणार. काकांच्या ब्लँकेटात गुंडाळून आला. आपल्यापैकी कुणाचा नाहीये."

उजव्या हाताचा मोठा, जाड हातमोजा. ओलाचिंब. तळव्यावर झाडाची साल चिकटली होती आणि अंगठ्यापाशी थोडंसं रक्त होतं.

अहिल्यानं तो हातात घेतला. साल नखानं काढली. बेसिनपाशी जाऊन गार पाण्यात रक्त धुतलं, पिळून पाणी काढलं. मग खिडकीखालच्या हीटरवर तो पसरून ठेवला आणि त्याची आखडलेली बोटं एकेक करून सरळ केली.